वरचा राग, खालचा माणूस

काही कथा अशा असतात की त्यांचा शेवट ठाऊक असूनही त्या पुन्हा पाहताना मन दर वेळी त्याच ठिकाणी अडखळते. गोविंद निहलानी यांच्या 'अर्धसत्य' या १९८३ सालच्या चित्रपटातील पोलीस कोठडीचा प्रसंग माझ्या बाबतीत असा आहे. रेडिओची चोरी केलेला एक फाटका माणूस कोठडीत आहे. उपनिरीक्षक अनंत वेलणकर दारूच्या नशेत त्याच्यासमोर येतो आणि त्याला मारू लागतो. मार थांबत नाही आणि तो माणूस मरतो. गुन्हेगारीवरील चित्रपट आपल्याकडे शेकड्यांनी निघाले, त्यांत याहून कितीतरी रक्तपात झाला. परंतु चाळीस वर्षे उलटून गेल्यावरही मनातून न जाणारा मृत्यू हाच. तो का जात नाही, याचा थोडा विचार करावा, एवढाच या लेखाचा हेतू आहे.

चित्रपट हिंदी असला तरी त्याचे मूळ मराठीत आहे. श्री. दा. पानवलकर यांच्या 'सूर्य' या कथेवरून विजय तेंडुलकरांनी त्याची पटकथा लिहिली, संवाद वसंत देव यांचे आणि चित्रपटाला ज्या कवितेने नाव दिले ती दिलीप चित्रे यांची. तेंडुलकरांनी त्यापूर्वी नेहरू अधिछात्रवृत्ती घेऊन समाजातील हिंसेचा अभ्यास केला होता. हिंसा ही केवळ गुंडांच्या अड्ड्यांवर राहत नाही, ती सुशिक्षित घरांत, कचेऱ्यांत आणि सभ्य माणसांच्या हातांतही राहते, हे त्यांच्या लेखनातून पुन्हा पुन्हा दिसते. ओम पुरी यांना वेलणकरच्या भूमिकेसाठी राष्ट्रीय पुरस्कार मिळाला. कार्लोव्ही व्हारी येथील आंतरराष्ट्रीय महोत्सवातही त्यांचा गौरव झाला. स्मिता पाटील १९८६ मध्ये गेल्या, तेंडुलकर २००८ मध्ये, सदाशिव अमरापूरकर २०१४ मध्ये आणि ओम पुरी २०१७ मध्ये. माणसे गेली, कोठडीतला तो प्रसंग मात्र राहिला.

ज्यांनी चित्रपट पाहिला नसेल त्यांच्यासाठी कथा थोडक्यात सांगतो. वेलणकरचे वडील पोलीस खात्यातलेच, तापट आणि घरात बायकोवर हात उगारणारे. लहानपणी आईला मार बसताना पाहूनही अनंत काही करू शकला नव्हता. तो पोलीस होतो तोही वडिलांच्या हट्टापायी. तरीही तो प्रामाणिक आहे. रामा शेट्टी या गुंडाची माणसे तो पकडतो, तर वरून फोन येतो आणि त्यांना सोडावे लागते. प्रत्यक्ष शेट्टीला अटक करायला जातो, तर तेथेही त्याचे हात बांधले जातात. एका दरोडेखोराला जिवावर उदार होऊन पकडतो, तर श्रेय दुसऱ्याच अधिकाऱ्याच्या पदरात पडते. प्रत्येक वेळी अपमान वरून येतो, आणि प्रत्येक वेळी त्याला तो गिळावा लागतो. असा गिळलेला अपमान घेऊन, दारू पिऊन तो कोठडीत शिरतो तेव्हा त्याच्यासमोर रामा शेट्टी नसतो, वरिष्ठ अधिकारी नसतात, मंत्री नसतात. समोर असतो तो रेडिओचोर. दुसऱ्याच्या हक्काचे हिरावून घेतल्याचा जो आरोप वेलणकरने वरच्यांवर करायला हवा होता, तो त्या दरिद्री माणसावर बरसतो.

हा चित्रपट आम्ही पहिल्यांदा पाहिला तो जवाहरनगरच्या आयुध निर्माणीच्या वसाहतीत, माझ्या मावसभावाच्या घरी. त्या काळी व्हिडिओ एका रात्रीपुरता भाड्याने आणून शेजारपाजाऱ्यांसह पाहण्याची पद्धत होती. खोलीत पंधरा-वीस माणसे दाटीवाटीने बसलेली. बसमध्ये स्त्रीची छेड काढणाऱ्याला वेलणकर चोप देतो तेव्हा टाळ्या पडल्या. शेट्टीच्या गुंडांना तो हिसका दाखवतो तेव्हाही पडल्या. दिग्दर्शकाचे सामर्थ्य मला येथे जाणवते. तो राग त्याने आधी आपल्याला आवडू दिला. आपण त्या रागाचे भागीदार झालो. आणि मग तोच हात, तोच राग, तोच माणूस त्याने कोठडीत नेला. त्या वेळी खोलीत कोणी टाळी वाजवली नाही. कोणी काही बोललेही नाही. खलनायकाने केलेला खून पाहून आपण त्याचा तिरस्कार करून मोकळे होतो. येथे तशी मोकळीक नाही, कारण मारणारा आपला आवडता माणूस आहे.

आमच्या गल्लीत एक निवृत्त हवालदार राहत असत. पुढे कधीतरी दूरचित्रवाणीवर हाच चित्रपट आम्ही दोघांनी माझ्या घरी पाहिला. कोठडीचा प्रसंग आला आणि त्यांनी मान खाली घातली. चित्रपट संपल्यावर चहाचा कप हातात घेऊन ते एवढेच म्हणाले, "गुरुजी, सायबाचा राग आमच्यावर, आमचा राग आतमंधल्यावर. आतला मानूस कोनावर काढंल?" मी त्यांना काही विचारले नाही, त्यांनीही अधिक काही सांगितले नाही. परंतु संपूर्ण चित्रपटाचे सार त्या साध्या माणसाने तीन वाक्यांत सांगितले असे मला वाटते. पाणी जसे उताराकडे धावते तसा अपमान खाली धावतो. तो जेथून आला तेथे परत जात नाही, कारण वर जाण्याची वाट बंद असते. तो शोधतो आपल्याहून खाली असलेला, प्रतिकार न करणारा, ज्याच्या बाजूने फोन येणार नाही असा माणूस. आणि हवालदारांच्या प्रश्नाचे उत्तरही चित्रपटातच आहे. ज्याला आणखी खाली कोणी सापडत नाही, तो घरी जाऊन बायकोवर काढतो. वेलणकरच्या वडिलांनी तेच केले होते.

हे केवळ पोलीस ठाण्यात घडते असे मानणे सोयीचे आहे, पण खरे नाही. माझे प्राथमिक शिक्षण आपल्याच जिल्ह्यातील एका खेड्यात झाले. एकदा तपासणीसाठी साहेब आले आणि हजेरीपटातील काही चुकांवरून त्यांनी आमच्या मास्तरांना वर्गासमोरच नको तसे खडसावले. मास्तर मान खाली घालून "होय साहेब, होय साहेब" म्हणत उभे होते. साहेबांची जीप धूळ उडवीत गेली. मास्तर वर्गात परतले आणि त्यांची नजर शेवटच्या ओळीत बसलेल्या एका ढिवराच्या मुलावर पडली. त्याच्यापाशी पाटी नव्हती. त्याच्यापाशी पाटी कधीच नसे. हे सर्वांना ठाऊक होते. त्या दिवशी मात्र त्या पाटीपायी त्याला जो मार बसला, तो मला आजही आठवतो. काही दिवसांनी तो शाळेत येईनासा झाला. गावच्या तलावावर बापाबरोबर जाळे टाकताना दिसू लागला. मास्तर दुष्ट नव्हते. एरवी आजारी मुलाच्या घरी जाऊन विचारपूस करणारे गृहस्थ होते ते. 'अर्धसत्य'मधील कोठडी मी पाहिली तेव्हा मला प्रथम आठवला तो हा वर्ग.

या कथेत आणखी एक पात्र आहे, ज्याच्याकडे आपल्या समाजातील प्रेक्षकांचे लक्ष विशेष जाते. नसीरुद्दीन शाह यांनी साकारलेला माईक लोबो. त्या काळच्या हिंदी चित्रपटांत ख्रिस्ती माणूस दिसला की तो बहुधा दारुडा, गुंडाचा हस्तक किंवा हास्यास्पद उच्चारांचा विदूषक असे, आणि आपल्या घरांतून त्याबद्दल रास्त नाराजी व्यक्त होई. लोबोही दारूच्या आहारी गेलेला आहे, त्यामुळे पहिल्या दर्शनी तो त्याच साच्यातला वाटतो. पण तो तसा नाही. एके काळी तोही वेलणकरसारखाच निर्भीड निरीक्षक होता. निलंबित झाला आणि दारूत विरघळत गेला. त्याच्याकडे पाहताना वेलणकरला आपले उद्याचे रूप दिसते. लोबोने आपला अपमान खाली ढकलला नाही, तो स्वतःवरच उलटवला. वेलणकरने तो कोठडीतल्या माणसावर उलटवला. दोघांचाही नाश झाला. अन्यायाला वर उत्तर देण्याची वाट बंद असली की चांगल्या माणसापुढे हे दोनच मार्ग उरतात काय, असा प्रश्न हे पात्र आपल्यापुढे ठेवते.

चित्रपटात जे कोठडीच्या चार भिंतींत घडते, ते आपल्या भंडारा जिल्ह्याने उघड्यावर घडलेले पाहिले आहे. मोहाडी तालुक्यातील खैरलांजी येथे २९ सप्टेंबर २००६ रोजी सुरेखा भोतमांगे, त्यांची मुलगी प्रियंका आणि मुलगे रोशन व सुधीर यांची जमावाने हत्या केली. हे दलित कुटुंब कष्टाने शेती करीत होते, मुले शिकत होती. मारहाणीच्या एका प्रकरणात सुरेखाबाईंनी पोलिसांना साक्ष दिली होती. त्या प्रकरणातील आरोपी जामिनावर सुटले आणि त्याच दिवशी ही घटना घडली. कायद्याने केलेल्या अटकेचा राग कायद्यावर निघाला नाही, तो गावात सर्वांत एकट्या असलेल्या घरावर निघाला. भंडाऱ्याच्या विशेष न्यायालयाने २००८ मध्ये सहा जणांना फाशी व दोघांना जन्मठेप सुनावली. २०१० मध्ये उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने फाशीचे रूपांतर पंचवीस वर्षांच्या कारावासात केले. कुटुंबातील एकटे उरलेले भैयालाल भोतमांगे न्यायाची वाट पाहत २०१७ मध्ये वारले. 'अर्धसत्य' जातीविषयी फारसे बोलत नाही. परंतु आपल्या गावांत 'खाली कोण' हे पुष्कळदा जन्मानेच ठरलेले असते, आणि म्हणून राग कोठे उतरणार हेही आधीच ठरलेले असते.

कोठडीच्या संदर्भात आपल्या शेजारची आणखी एक घटना सांगितली पाहिजे. लाखांदूर ओलांडून पुढे गेले की वडसा-देसाईगंज लागते. १९७२ मध्ये तेथील पोलीस ठाण्याच्या आवारात एका आदिवासी मुलीवर पोलिसांकडून अत्याचार झाल्याचा खटला 'मथुरा खटला' म्हणून देशभर गाजला. नागपूर खंडपीठाने आरोपींना दोषी ठरवले, तर १९७८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने त्यांना निर्दोष सोडले. १९७९ मध्ये कायद्याच्या चार प्राध्यापकांनी सरन्यायाधीशांना खुले पत्र लिहिले, स्त्रिया रस्त्यावर आल्या आणि अखेर १९८३ मध्ये कायदा बदलला. 'अर्धसत्य' प्रदर्शित झाला तो याच वर्षी. कोठडीत असलेला माणूस राज्याच्या हवाली असतो, म्हणून तेथे जे घडेल त्याचा जाब राज्याला द्यावा लागेल, ही जाणीव त्या काळात हळूहळू रुजत होती.

त्यानंतर नियम पुष्कळ झाले. अटक केलेल्या व्यक्तीला चोवीस तासांच्या आत न्यायदंडाधिकाऱ्यांसमोर हजर करावे, हे तर राज्यघटनेनेच सांगितले आहे. १९९३ मध्ये राष्ट्रीय मानवाधिकार आयोग स्थापन झाला आणि कोठडीतील प्रत्येक मृत्यू चोवीस तासांत कळवण्याचे बंधन आले. १९९६ मध्ये डी. के. बसू खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने अटकेसंबंधी अकरा सूचना दिल्या: अटकेचा पंचनामा करावा, नातेवाइकांना कळवावे, वैद्यकीय तपासणी करावी, वकिलाला भेटू द्यावे. २०२० मध्ये प्रत्येक पोलीस ठाण्यात कॅमेरे बसवण्याचा आदेश त्याच न्यायालयाने दिला. तरीही एप्रिल २०१४ मध्ये चोरीच्या संशयावरून वडाळा लोहमार्ग पोलिसांनी पकडलेला पंचवीस वर्षांचा एक ख्रिस्ती तरुण जिवंत घरी आला नाही. तो पळताना लोकलखाली आला असे पोलिसांनी सांगितले. बापाला ते पटले नाही. त्याने न्यायालयाचे दार ठोठावले आणि उच्च न्यायालयाने तपास सीबीआयकडे सोपवला. ज्या दिवशी तो गेला, तो त्या वर्षीचा शुभ शुक्रवार होता. तामिळनाडूतील साथानकुलम येथे जून २०२० मध्ये टाळेबंदीत दुकान उघडे ठेवल्याच्या आरोपावरून नेलेले बापलेक लागोपाठ मरण पावले. गुन्ह्यांचे स्वरूप पाहा: एक संशयित चोरी, एक उघडे दुकान. चित्रपटातला रेडिओ काल्पनिक होता, पण त्याचे वजन लेखकाने अचूक जोखले होते.

या प्रसंगाची आज अधिक आठवण होण्याचे आणखी एक कारण आहे. १९८३ नंतरच्या पोलीसपटांनी वेलणकरचा राग उचलला आणि त्याची शोकांतिका टाकून दिली. त्यांच्या नायकाच्या हातून कोठडीत जो मार खातो तो नेहमी दोषीच असतो, आणि प्रेक्षक टाळ्या वाजवतात. या टाळ्या चित्रपटगृहापुरत्या राहिल्या नाहीत. डिसेंबर २०१९ मध्ये हैदराबादजवळ एका भीषण गुन्ह्यातील चार संशयित पोलिसांच्या गोळ्यांनी ठार झाले, तेव्हा लोकांनी पोलिसांवर फुले उधळली. सर्वोच्च न्यायालयाने चौकशीसाठी नेमलेल्या आयोगाचे अध्यक्ष होते आपल्या विदर्भाचेच न्यायमूर्ती विकास सिरपूरकर. त्या चौघांवर जीव घेण्याच्या हेतूने जाणूनबुजून गोळ्या झाडल्या गेल्या, असा निष्कर्ष आयोगाने २०२२ मध्ये दिला. तोवर फुले केव्हाच सुकून गेली होती. पीडित कन्येसाठी आपल्या सर्वांचे काळीज तुटले होते, हे खरे. परंतु न्याय आणि राग यांतला फरक तेथे पुसला गेला, हेही तितकेच खरे.

आपण ख्रिस्ती माणसे दर वर्षी प्रायश्चित्तकाळात क्रुसाची वाट चालतो. त्या वाटेच्या आधीची एक रात्र आहे, तिच्याकडे आपले लक्ष थोडे कमी जाते. ती रात्र येशूने कोठडीत काढली. योहानच्या शुभवर्तमानात महायाजकासमोर उभ्या असलेल्या येशूला एक शिपाई चपराक मारतो, आणि येशू त्याला आपण काय वाईट बोललो ते दाखवून द्यायला सांगतो, वाईट बोललो नसू तर मारण्याचे कारण विचारतो. आरोपीने शिपायाला पुरावा मागितला. आज आपण ज्याला कायद्याचे राज्य म्हणतो, त्याची मागणी त्या प्रश्नात आहे. नंतर पहारेकऱ्यांनी त्याचे डोळे बांधून त्याची थट्टा केली आणि त्याला मारले. तेही बिचारे पगारी नोकर, वरच्यांची मर्जी सांभाळणारे; त्यांच्या हातात त्या रात्री आपल्याहून खाली असलेला एक माणूस सापडला होता. परंतु तेथे एक वेगळी गोष्ट घडली. तो मार पुढे गेला नाही. ज्याने तो सोसला त्याने तो कोणाकडेही सरकवला नाही. शिष्यांवर नाही, शिपायांवर नाही, शेजारी टांगलेल्या चोरांवर नाही. उलट त्या चोरांपैकी एकाला त्याने आपल्याबरोबर नेण्याचे वचन दिले. उतारावरून धावत आलेले पाणी तेथे अडले.

वेलणकरची शोकांतिका मला या प्रकाशात अधिक स्पष्ट दिसते. अखेरीस तो सुटकेसाठी मदत मागायला रामा शेट्टीच्याच दारी जातो, तेथे पुन्हा अपमानित होतो, शेट्टीचा गळा आवळतो आणि ठाण्यात जाऊन स्वतःला हवाली करतो. प्रेक्षकांना वाटते, अखेर राग योग्य जागी पोहोचला. पण तोवर एक मनुष्य मेलेला असतो, आणि त्याच्यासाठी चित्रपटात कोणी रडत नाही. वेलणकरचे नाव आपल्याला पाठ आहे, शेट्टीचे आहे, लोबोचे आहे. चोराचे नाव कोणाच्या लक्षात राहत नाही. त्याला आई होती का, मुले होती का, तो रेडिओ त्याने विकण्यासाठी घेतला की ऐकण्यासाठी, हे आपण विचारत नाही. हा प्रसंग आजही बोचतो तो मुख्यतः यासाठी, की त्या माणसाला आपणही विसरतो आणि नायकाच्या दुःखात सामील होतो.

भंडाऱ्यात जिल्हा कारागृह आहे आणि प्रत्येक तालुक्यात पोलीस ठाणे आहे. तुरुंगात जाऊन बंदिवानांची भेट घेणारे सेवाकार्य आपल्या ख्रिस्तसभेत चालते. आपल्या धर्मग्रामातील तरुणांनी त्याची माहिती करून घ्यावी, अटकेसंबंधीचे नियम समजून घ्यावेत आणि गल्लीतल्या कोणा गरिबाला रात्री-अपरात्री उचलून नेले तर त्याच्या घरच्यांबरोबर ठाण्यापर्यंत चालत जावे, एवढे तरी सहज शक्य आहे. पुष्कळदा बाहेर कोणीतरी वाट पाहत उभे आहे एवढ्यानेच आतला हात आवरला जातो. आणि त्याहून जवळचे काम आपल्या घरात आहे. कचेरीत, गिरणीवर, शेताच्या बांधावर, रेशनच्या रांगेत दिवसभरात जे बोल आपण ऐकून घेतले, ते संध्याकाळी कोणाच्या ताटात वाढले जातात, हे प्रत्येकाने आपापल्या उंबऱ्यावर थांबून पाहावे. रात्रीच्या कुटुंबप्रार्थनेत आपण आजाऱ्यांसाठी, प्रवाशांसाठी, मृतांसाठी प्रार्थना करतो. त्यांत आज रात्री कोठडीत असलेल्यांची आणि त्या कोठडीची किल्ली ज्यांच्या कमरेला आहे त्यांचीही आठवण करावी. दोघांनाही तिची गरज आहे.